विमानातल्या एव्हिऑनिक्सचा स्नॅग कसा नोंदवावा? इंदूरच्या शिकाऊ वैमानिकांसाठी

इंदूरला फ्लाइंग शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींचे लायसन्सचे फॉर्म बिनचूक असतात. एव्हिऑनिक्सचा, म्हणजे रेडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, स्नॅग (बिघाड) लिहायची वेळ आली की मात्र दोन शब्दांत काम उरकतं.

यासाठी वेगळा अर्ज नसतो, विमानाचं टेक लॉग, म्हणजे बिघाड आणि दुरुस्तीची नोंदवही, हाच अर्ज. नोंद करायची ती त्या उड्डाणाच्या पायलट-इन-कमांडने. म्हणजे शिकवणीच्या उड्डाणात इन्स्ट्रक्टरने, सोलोत तुम्ही, तेही इन्स्ट्रक्टरला सांगून. इंजिन बंद केल्यावर लगेच लिहा. चहाच्या टपरीवर टेक्निशियनच्या कानावर घातलं किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, म्हणजे नोंद झाली असं नाही. फोटो मदतीला जरूर ठेवा.

खरी गोम मजकुरात आहे. ‘रेडिओ खराब’ एवढंच लिहिलंत तर टेक्निशियन जमिनीवर सेट लावणार, टॉवरशी बोलून पाहणार, आवाज स्वच्छ येणार आणि शेरा पडणार: ग्राउंड चेक ओके. त्यात त्याची काय चूक?

त्याऐवजी असं लिहा (कॉम १ आणि कॉम २ म्हणजे विमानातले दोन रेडिओ): ‘कॉम १, ३,५०० फूट, टॉवरपासून १२ मैल. आपला आवाज तुटक येतो असं टॉवरने सांगितलं, येणारा आवाज स्वच्छ. हेडसेट तोच ठेवून कॉम २ वर बोललो, ठीक.’ एवढ्यावरून हेडसेट, माइक आणि बोलायचं बटण संशयातून सुटतात, शोध कॉम १ च्या प्रक्षेपणाकडे वळतो. ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) फक्त डावीकडे वळतानाच रडारवर दिसेनासा होत असेल तर ‘डावीकडे’ हा शब्द लाखमोलाचा, कारण तो अँटेनाच्या जागेकडे बोट दाखवतो. मे महिन्यात एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) तापलेल्या विमानात काय झालं आणि सकाळी गारव्यात काय, तेही लिहा. बिघाड सतत की अधूनमधून? ब्रेकर उडाला का, कोणता, परत दाबलात का? ‘अँटेना बदला’ असं निदान मात्र लिहू नका. जे दिसलं, ऐकू आलं, तेवढंच.

मागची पानंही चाळा. तोच स्नॅग पूर्वी असेल तर ‘पुन्हा’ लिहून तारीख द्या.

दुरुस्तीची सही कोणाची? एव्हिऑनिक्ससाठी बी२ लायसन्सधारक एएमई (विमान देखभाल अभियंता). लहान पिस्टन विमानात बी१.२ वालाही (पिस्टन विमानांचं लायसन्स असलेला एएमई) अख्खा रेडिओ सेट बदलून साध्या चाचणीवर सही करू शकतो, खोलातल्या तपासाला बी२ च लागतो.

दुरुस्ती पुढे ढकलायची तर मंजूर एमईएल (कोणतं उपकरण बंद असतानाही उडता येतं याची यादी) हवी. त्यात दुरुस्तीची मुदत बी वर्गाच्या बिघाडाला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२० दिवस, बिघाड सापडला तो दिवस सोडून. ए वर्गाची मुदत त्या-त्या नोंदीत दिलेली असते. ‘चालतंय की’ म्हणून परस्पर सोडून देणं यात बसत नाही.

पुढच्या उड्डाणाआधी तुमच्या नोंदीसमोर काय केलं, तारीख, लायसन्स नंबर आणि रिलीज टू सर्व्हिसची (विमान उड्डाणाला योग्य असल्याची) सही आहे ना ते बघा. रकाना कोरा असेल तर विमान घेऊ नका.