घरविक्री आणि ऊर्जा मानांकन: कोकणातल्या घरांपर्यंत न आलेला दाखला

रत्नागिरीत किंवा दापोलीत जुना फ्लॅट घेणारा माणूस मालकीची कागदपत्रे, बोजा, घरपट्टीची पावती, सोसायटीचा ना हरकत दाखला, सगळे तपासतो. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली किती तापते आणि ती राहण्याजोगी ठेवायला वीज किती लागते, हे मात्र कुठल्याच कागदावर नसते. कायदाही ते मागत नाही.

घर विकताना त्याला ऊर्जा किती लागते याचा दाखला देण्याची प्रथा थंड देशांतली. १९७३ च्या तेलसंकटानंतर घर उबदार ठेवण्याचा खर्च तिथे जाचक झाला. डेन्मार्कने १९९७ पासून विक्रीच्या वेळी ऊर्जा तपासणी सक्तीची केली, ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने १९९९ पासून मानांकन जाहीर करणे बंधनकारक केले. २००२ च्या निर्देशाने युरोपीय संघाने हाच नियम सर्व सदस्य देशांना लावला. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ मध्ये घरविक्रीच्या माहितीसंचासोबत ‘ए’ ते ‘जी’ श्रेणींचा दाखला आला. संच २०१० मध्ये गुंडाळला गेला, दाखला टिकला; त्याची मुदत १० वर्षे.

आपल्याकडे गाडी दुसऱ्या रुळावरून गेली. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो, २००६ पासून फ्रिज-एसीवर तारे, २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता. घरांसाठीची इको-निवास संहिता १४ डिसेंबर २०१८ रोजी आली, तीही ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामासाठी. २०१९ पासून घरांनाही तारे मिळू लागले, पण ऐच्छिक. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, मात्र किमान १०० किलोवॉट जोडभार (जोडलेल्या उपकरणांचा एकूण वीजभार) असलेल्या. राज्य सरकार ही मर्यादा खाली आणू शकते. गावातले घर किंवा तालुक्याच्या ठिकाणची तीन मजली सोसायटी या आकड्याच्या जवळपासही जात नाही. राज्याने मर्यादा उतरवल्याशिवाय या पट्ट्यात संहितेचा उपयोग नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही संहितेतले आकडे जुन्या घराची पारख करायला उत्तम आहेत. किनारपट्टी उष्ण-दमट विभागात येते. इथे उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे. ५४ चौ.मी.च्या फ्लॅटला ९ चौ.मी. लागतात. फसगत होते ती सरकत्या खिडक्यांत: दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून १.५ × १.२ मीटरची खिडकी ०.९ चौ.मी.च धरायची. तळमजल्याचे बाहेरचे दार हिशेबात येत नाही, ते दिवसभर सताड उघडे असले तरी.

दुसरा आकडा छपराचा, आणि कोकणात खरे दुखणे तेच. मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. छपरातून झिरपणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौ.मी.ला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश सेल्सिअस फरकाला १.२ वॉट, उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तिथपासून ही कौले किनाऱ्यावर पसरली. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई आणि माळा मधला आडोसा होई. स्लॅबने दोन्ही गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौले उडाल्यावर स्लॅबकडे कल असणे समजण्यासारखे आहे; फक्त त्यासोबत उष्णतारोधक थर यायला हवा होता. जलरोधक थरावर ५० मिमी एक्सपीएस (एक प्रकारचा पॉलिस्टायरीन) फोमचे बोर्ड आणि वर फरशी केली की मर्यादा आरामात पाळली जाते. ग्लासवूल (काचतंतूंचा थर) इथे टाळावे: ओल धरली की त्याचा उष्णतारोध जातो. गळतीसाठी घातलेली पत्र्याची शेड बाजूंनी मोकळी असेल तर स्लॅबला सावली देते. चारी बाजू बंद केल्या की आत कोंडलेली हवा स्लॅब तापवते. पांढरा परावर्तक रंग पावसाळ्यात शेवाळाने काळवंडतो, म्हणून मार्चपूर्वी घासून धुवावा लागतो.

भिंती आणि काचा मिळून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौ.मी.ला १५ वॉट. पश्चिमेला समुद्र दिसावा म्हणून लावलेली, छज्जा नसलेली मोठी काच हा हिशेब बिघडवते.

विक्रेता महावितरणची १२ महिन्यांची बिले दाखवील, ती जरूर पाहावीत. पण चाकरमान्यांचे घर गणपती-शिमग्यापुरते उघडत असेल, तर कमी युनिट घराच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाहीत. तिथे टेप घेऊन खिडक्या मोजाव्यात आणि स्लॅबवर कोणते थर आहेत, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.