जुनी बाटली, नवी बाटली: मित्सुकोचा वास बदलला की विटला?

नाशिककराला ‘व्हिंटेज’ म्हटलं की तोडणीचं साल आठवतं. अमुक साली द्राक्ष चांगलं उतरलं, म्हणून त्या सालची वाइन भारी. परफ्यूमला हा हिशेब लागू नाही. तिथे व्हिंटेज म्हणजे जुन्या सूत्राने भरलेली बाटली, एवढंच. ते सूत्र कंपनी गाजावाजा न करता बदलते आणि नाव तेच ठेवते. मग दोन बाटल्या हुंगून आपण म्हणतो, ‘नव्या मालात ती मजा नाही.’ म्हणा, पण त्याआधी एक निवाडा करा: हा फरक सूत्राचा की वयाचा? पुष्कळदा खापर फुटतं नव्या सूत्रावर आणि घोळ घातलेला असतो लोखंडी कपाटातल्या मे महिन्याने.

गेर्लां या फ्रेंच कंपनीचं मित्सुको हे परफ्यूम घेऊ. झाक गेर्लां यांनी ते १९१९ साली बांधलं. सुरुवातीला बर्गमॉटचा लिंबूवर्गीय तजेला, मग पिकल्या पीचचा गोडवा, आणि तळाशी ओकमॉस. नावात मॉस असलं तरी हे शेवाळ नव्हे. ओकच्या खोडावर वाढणारं, आपल्या दगडफुलाच्याच कुळातलं भावंड आहे. गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल न भाजता बोटांत चुरगळून बघा. ओली साल, माती, जरासा कडवटपणा. मित्सुकोचा तळ त्याच दिशेचा, फक्त जास्त गडद आणि शाईसारखा.

बदल मुख्यतः इथेच झाला. ओकमॉसमधल्या अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल या घटकांनी काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते. आधी इफ्रा या उद्योगसंस्थेने त्वचेवर लावायच्या तयार मालात ओकमॉसचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलं. पुढे युरोपीय संघाने हे दोन्ही घटकच बंद केले: ऑगस्ट २०१९ पासून नव्या मालात आणि ऑगस्ट २०२१ पासून दुकानातल्या मालातही. आता हे घटक काढून टाकलेला ओकमॉस वापरतात, किंवा एव्हर्निलसारखं कृत्रिम रसायन. तळ स्वच्छ लागतो, पण अंधार कमी. बर्गमॉटमधला बर्गॅप्टेनही गेला, कारण तो लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते. मात्र त्याच्या जाण्याने वासात फारसा फरक पडत नाही, उगाच त्याच्या नावाने रडू नये.

आता वय. लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनीन हवेशी संयोग पावतं आणि वरचा तजेला सर्वांत आधी मरतो. नाशकात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली उतरतो. या चढउताराने बाटलीतली हवा फुगते, आकसते आणि सैल बुचातून थोडी थोडी ताजी हवा आत ओढली जाते. बाटली अर्धी रिकामी असेल तर नासाडी आणखी लवकर. रंग गडद झाला म्हणजे माल गेलाच, असं मात्र नाही. व्हॅनिला आणि जास्मिन असलेली परफ्यूम्स आपोआप तपकिरी होतात.

ओळखायची खूण सोपी आहे. पहिली दोन-तीन मिनिटं टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा आंबूस वास, आणि तासाभराने मात्र सुंदर उलगडलं, तर तो वयाचा दोष. सुरुवात टवटवीत, पण चार तासांनी तळ पातळ आणि सपाट, तर तो सूत्राचा फरक. शेवटपर्यंत खवटच राहिलं तर बाटली मेली. तिच्यावरून जुन्या सूत्राविषयी काहीच बोलू नका.

तुलना करताना दोन्ही बाटल्या एकाच तीव्रतेच्या हव्यात. जुनं एक्स्ट्रे (सर्वांत तीव्र प्रकार) आणि नवं ओ द तॉयलेट (त्याहून बराच सौम्य) शेजारी ठेवलं तर जुनं जिंकणारच. चित्रकलेच्या जाड कागदाच्या १ सेंमी रुंद, १२ सेंमी लांब पट्ट्या कापा. जुन्या बाटलीचे पहिले दोन-तीन फवारे टाकून द्या, कारण नळीत अडकलेला माल सर्वांत जास्त बिघडलेला असतो. मग १० सेंमीवरून प्रत्येकी एक फवारा. पट्टीमागे पेन्सिलीने खूण दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, म्हणजे नाक ‘जुनं ते सोनं’च्या नादी लागणार नाही. पंखा बंद. १ मिनिट, १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. एप्रिलच्या दुपारी वरचा वास बघता बघता उडतो. नाक थकलं तर स्वतःचा कोपर हुंगा, कॉफीच्या बियांचं कौतुक नको.

बाटलीचं साल कळायला खोकं वाचा. २००५ पासून युरोपात लिनालूल, लिमोनीन अशा २६ अ‍ॅलर्जी-घटकांची नावं छापणं सक्तीचं झालं. त्यामुळे ‘अल्कोहोल, परफ्यूम, पाणी’ एवढंच छापलेलं असेल तर खोकं बहुधा त्याआधीचं. कुठल्याही परफ्यूमच्या यादीत ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल हे फुलांच्या वासाचं कृत्रिम रसायन दिसलं तर माल त्यावरच्या मार्च २०२२ च्या युरोपीय बंदीपूर्वीच्या सूत्राचा.

जुनी बाटली विकत घेताना विक्रेत्याकडे उजेडासमोर धरलेला फोटो मागा. पातळी खांद्याच्या खाली असेल तर भाव पाडा. ‘सीलबंद आहे’ हे ऐकून हुरळू नका. सील शाबूत असलं तरी खिडकीतल्या उन्हाने आतला माल विटलेला असू शकतो.