चेंडू परतवणारी पिचिंग-सरावाची साधने

बेसबॉलमध्ये पिचरला (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याला) कॅचरवाचून (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्यावाचून) एकट्याने फेकीचा सराव करता यावा आणि फेकलेला चेंडू आपोआप त्याच्याकडे परत यावा, यासाठी वापरली जाणारी साधने. ताणलेली जाळी, उताराची पन्हळ आणि विजेवर चालणारे परतीचे यंत्र असे त्यांचे प्रकार असले, तरी घरोघरच्या अंगणात दिसते ती बहुतेक जाळीच. बॅटरच्या सरावासाठी चेंडू फेकणाऱ्या पिचिंग मशिनशी यांची गल्लत होते. ते यंत्र पिचरची जागा घेते, ही साधने कॅचरची. प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकवणारे चार्ल्स हिंटन यांनी १८९७ च्या सुमारास बंदुकीच्या दारूवर चेंडू उडवणारे जे यंत्र केले, ते पिचिंग मशिनच्या जातीचे होते.

मुळात अडचण अंतराची आहे. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीपर्यंत, ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर असते. १८९३ पासून ते बदललेले नाही. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत ते ४६ फूट (१४.०२ मी.) आहे. कॅचर नसला की प्रत्येक फेकीनंतर एवढे अंतर जायचे, चेंडू शोधायचा आणि परत यायचे. नेमही बारीक असतो. होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंमी., आणि स्ट्राइक झोनची, म्हणजे चेंडू ज्यातून जायला हवा त्या प्लेटवरच्या काल्पनिक चौकोनाची, उंची बॅटरच्या गुडघ्याखालपासून छाती-पोटाच्या मध्यापर्यंत. एवढ्या चौकोनात, तेही त्याच्या कडेकोपऱ्यात चेंडू टाकायला शिकायचे, तर फेकींची संख्या वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळ्यात जुने आणि फुकटचे साधन म्हणजे भिंत. खडूने चौकोन आखला की सराव सुरू. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा, चेंडू ताशी सुमारे ९३ किमी. वेगाने लाकडी पृष्ठभागावर आपटला, तर त्याच्या जवळपास ५५ टक्के वेगाने उसळला पाहिजे, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे भिंतीवरून चेंडू चांगला परततो. मात्र काँक्रीटवर चामडे खरचटते आणि शिवण उसवते. जपानमध्ये मुलांच्या आणि हौशी खेळाडूंच्या बेसबॉलमध्ये रबरी चेंडू रूढ असल्याने तिथे भिंतीवरचा सराव जास्त सुखाचा आहे. क्रिकेटच्या वाचकाला इथे ऑस्ट्रेलियातील बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपने टोलवणारा लहानगा डॉन ब्रॅडमन आठवेल. त्याचा सराव बॅटिंगचा होता, पण चेंडू परत आणायचे काम टाकीच करत होती.

नेम शिकवणाऱ्या साधनांचा इतिहास थोडा वेगळा आहे. ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी फ्लोरिडातील व्हेरो बीच येथील डॉजरटाउन या सराव-तळावर दोन खांबांमध्ये दोऱ्या ताणून स्ट्राइक झोनची चौकट उभी केली होती. आडव्या दोऱ्या बॅटरच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येत. चेंडू चौकटीतून गेला की बाहेरून, हे पिचरला आपल्या डोळ्यांनी दिसे. चेंडू परत यायची सोय तिच्यात नव्हती. मागे कॅचर बसलेला असे. आजच्या परतीच्या जाळीवर लाल किंवा पिवळ्या पट्टीने जो चौकोन शिवलेला असतो, तो याच कल्पनेचा.

परतीच्या जाळीची रचना साधी असते. लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्या आत जाळी, आणि जाळीच्या चारही कडा चौकटीला जोडणारे इलॅस्टिकचे दोर किंवा स्प्रिंगा. चेंडू लागला की जाळी मागे ताणते, दोर ती पुढे खेचतात आणि चेंडू उलट निघतो. खरी मेख कोनात आहे. माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, १० इंच उंच असते, पिचरचा हात त्याहून कितीतरी वर, म्हणून चेंडू जाळीशी खाली उतरतच पोचतो. जाळी अगदी उभी ठेवली तर तो परततानाही जमिनीकडेच जातो. त्यासाठी तिचा वरचा भाग मागे झुकवतात. जाळी एक अंश मागे कलली की परतीची दिशा साधारण दोन अंशांनी वर जाते, त्यामुळे टेकूच्या एका खाचेचाही फरक लगेच जाणवतो.

हवेचा विरोध सोडून दिला, तरी १८.४४ मीटरवर थेट झेल मिळण्यासाठी चेंडू ४५ अंशांत उडून ताशी सुमारे ४८ किमी. वेगाने परतावा लागतो. १४ मीटरसाठी सुमारे ४२. कोन कमी असेल तर वेग याहून जास्त हवा. जोरकस फेकीला हे जमते. नवशिक्याचा चेंडू मात्र एक-दोन टप्पे खात, नाहीतर सरपटत येतो. यात वाईट काही नाही. फेक संपताना पिचर पुढे झुकलेला, एका पायावर तोललेला असतो आणि सामन्यात बॅटरने टोलवलेला चेंडू नेमका त्याच क्षणी अंगावर येतो. जाळी हाच प्रसंग पुन्हा पुन्हा आणते, त्यामुळे तोल सावरून हातमोजा पुढे आणायची सवय लागते. क्रिकेटमध्ये स्लिपमधल्या झेलांसाठी वापरली जाणारी रिबाउंड जाळीही याच जातीची.

पन्हळीच्या प्रकारात चेंडू लोंबत्या ताडपत्रीवर आदळून जोर हरवतो, खालच्या पन्हळीत पडतो आणि उतारावरून घरंगळत पिचरच्या पायाशी येतो. चेंडू अंगावर यायची भीती नाही, त्यामुळे लहान मुलांना हा प्रकार बरा. पण एवढी लांब पन्हळ एकसारख्या उताराने मांडायला जागा आणि चिकाटी दोन्ही लागतात. विजेच्या यंत्रात गोळा झालेले चेंडू फिरत्या चाकाने हलकेच परत टोलवले जातात. ते महाग पडते.

या सगळ्यांचा एक विनोदी दोष असा, की परत येतात ते नेमावर लागलेलेच चेंडू. चौकट चुकली की चेंडू मागच्या कुंपणाकडे जातो, म्हणजे ज्याला नेम जमत नाही त्याचीच पळापळ जास्त. लोखंडी नळीवर बसलेला चेंडू कुठेही उडू शकतो, म्हणून नळ्यांना फोमचे वेष्टन हवे, मागे दुसरी जाळी हवी आणि पाय मेखांनी जमिनीत पक्के हवेत. दोर उन्हात सैलावतात. एका बाजूचे चार दोर गेले तरी चेंडू तिरका येऊ लागतो.

याहून मोठा दोष खांद्या-कोपराचा आहे, आणि विक्रेते त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. मेजर लीग आणि अमेरिकेची राष्ट्रीय बेसबॉल संस्था यूएसए बेसबॉल यांच्या २०१४ मधील 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनानुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने सामन्यात दिवसाला ८५ पेक्षा जास्त फेकी टाकू नयेत आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाल्यास त्यानंतर चार दिवस सामन्यात पिचिंग करू नये. लिटल लीगने फेकींची मोजणी २००७ पासूनच सक्तीची केली. पण ही मोजणी सामन्यातली. अंगणातल्या फेकी कुणाच्याच वहीत नसतात. बादलीभर चेंडू घेऊन फेकायच्या जुन्या पद्धतीत बादली रिकामी झाली की थांबावेच लागे आणि चेंडू वेचता वेचता हाताला विसावा मिळे. परतीच्या जाळीने ती पायपीट वाचवली, तसा तो विसावाही गेला. म्हणून जाळी वापरताना पालकांनी किंवा प्रशिक्षकाने फेकींचा आकडा आधीच ठरवून द्यावा, दोन फेकींमध्ये पट्टीवर नव्याने पाय रोवण्याइतका वेळ जाऊ द्यावा आणि आदल्या दिवशी सामना झाला असेल तर जाळी घडी करून ठेवावी.