एन४००

एन४०० म्हणजे ईईजीत, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, दिसणारी एक निगेटिव्ह लहर. शब्द वाचला किंवा ऐकला की साधारण २०० ते ६०० मिलिसेकंदांत ती येते, टोक ४०० च्या आसपास, म्हणून हे नाव. डोक्याच्या मध्यभागी आणि थोडं मागे ती जास्त उठून दिसते. एका शब्दाचा प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा असतो आणि मेंदूच्या बाकीच्या विद्युत गोंगाटात बुडून जातो, त्यामुळे तशीच बरीच वाक्यं दाखवून सरासरी काढावी लागते.

१९८० मध्ये मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत ती पहिल्यांदा मांडली. गरम ब्रेडला कुणीतरी चक्क मोजे फासतंय अशा अर्थाची वाक्यं एकेक शब्द करून दाखवली, अपेक्षा होती पी३०० ची, म्हणजे अनपेक्षित गोष्टीला येणाऱ्या पॉझिटिव्ह लहरीची, आणि निघालं उलटंच. शेवटचा शब्द अर्थाला धरून पण मोठ्या अक्षरात दाखवला तेव्हा मात्र पॉझिटिव्ह लहर आली. नुसतं वेगळं दिसणं आणि अर्थ न जुळणं यांना मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देतो, हे यातून कळलं आणि शोधाचं खरं महत्त्व यातच आहे.

‘एन४०० म्हणजे अर्थाची चूक’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते अपुरं आहे. ‘पाऊस येईलसं दिसतंय, छत्री घे’ याऐवजी ‘पिशवी घे’ म्हटलं तर चूक काहीच नाही, तरी लहर वाढते. शब्द जितका कमी अपेक्षित तितकी ती मोठी, हे १९८४ मध्येच त्याच दोघांनी दाखवलं होतं.

ती नेमकं काय मोजते यावर वाद आहे. एक मत, शब्दाचा अर्थ वाक्यात बसवण्याची मेहनत; दुसरं, स्मृतीतून अर्थ वर काढण्याची. २००८ मध्ये लाऊ, फिलिप्स आणि पोपेल यांनी दुसऱ्या मताची बाजू घेतली, आणि वाक्याशिवाय नुसत्या शब्दजोड्यांतही लहर कमीजास्त होते हे बघता तेच जास्त पटतं, निदान लहरीच्या मोठ्या भागापुरतं तरी.

शब्द यायच्या आधीच मेंदू त्याचा अंदाज बांधतो का, हा याला जोडून येणारा प्रश्न. इंग्रजीत ‘काइट’ (पतंग) या शब्दाआधी ‘अ’ येतो आणि ‘एअरप्लेन’आधी ‘अ‍ॅन’, तेव्हा वाचक पतंगाची वाट बघत असताना ‘अ‍ॅन’ दिसला तर तिथेच लहर बदलायला हवी. २००५ मध्ये डीलाँग, अर्बाख आणि कुटास यांना ती बदललेली दिसली. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रयोग परत केला तेव्हा नामावरचा परिणाम टिकला, आर्टिकलवरचा, म्हणजे आधीच्या ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’वरचा, नाही.

व्याकरण बिघडलं की सहसा वेगळी लहर येते, पी६००. सांकेतिक भाषेत आणि चित्रांतही एन४०० सारखा प्रतिसाद मिळतो, म्हणून तिला फक्त भाषेची खूण म्हणता येत नाही.