मधली आडभिंत आणि समेटाचा प्याला

समेट हा शब्द कोल्हापूर जिल्ह्यात गावच्या पारावर ऐकू येतो. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तर जास्तच. बांधाचा वाद, पाणंदीचा वाद, भावकीचा वाद, चार जाणते बसतात आणि म्हणतात, "घ्या की मिटवून." हे बहुतेक वेळा दोघांतल्या पडत्या बाजूला ऐकवलं जातं, हेही पारावर सगळ्यांना ठाऊक असतं.

मराठी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, शब्दही हाच आहे. येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात "समेटाची सेवा" येते. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती मंडळींनी काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नावर गेल्या शतकात जे काही केलं, ते याच दोन शब्दांचा आधार घेऊन. पण पौलाचा समेट पारावरचा नव्हता. इफिसकरांच्या पत्रात तो आधी "मधली आडभिंत" पाडल्याचं सांगतो. यरुशलेमच्या ज्यू मंदिरात परक्यांसाठी, म्हणजे ज्यू नसलेल्यांसाठी, खरोखरच एक कठडा होता. त्यावरचा ग्रीक इशारा कोरलेला दगड १८७१ मध्ये सापडला: परक्याने आत पाऊल टाकलं, तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. म्हणजे आधी भिंत जायची, मग समेट. पुढच्या दोन हजार वर्षांत मंडळींनी हा क्रम सोयीने उलटा केला, असं माझं मत आहे.

कोल्हापूरचा या गोष्टीशी संबंध १८५२ पासूनचा. त्या वर्षी रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून कोल्हापूर संस्थानात आले. वायल्डर मेमोरियल चर्चमुळे त्यांचं नाव शहरात आजही आहे. १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळाकडे गेलं. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं इस्पितळ हाही याच मिशनचा पसारा.

त्यांच्या मायदेशी तेव्हा काय चाललं होतं? तिथल्या अनेक चर्चमध्ये काळ्या उपासकांना वरच्या गॅलरीत बसावं लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि त्यांच्या सोबत्यांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला लागले, तेव्हा ते बाहेर पडले. त्यातूनच १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. १८४५ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेतले बॅप्टिस्ट वेगळे झाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि प्रेसबिटेरियनही उत्तर-दक्षिण असे फुटले. ते दोन तुकडे पुन्हा जोडले गेले १९८३ मध्ये. जी मंडळी इथे येऊन एकाच प्याल्यातून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, घ्यायला सांगत होती, तिचं स्वतःचं घर एकशे बावीस वर्षं फुटलेलं होतं.

इथे प्याला ही साधी बाब नव्हती. तमिळ प्रांतातल्या मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळं बसणं, प्रभुभोजनाला वेगळं येणं चालत आलं होतं. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी ते ताबडतोब आणि कायमचं बंद करण्याचा हुकूम काढला आणि बरेच लोक मंडळीतून निघून गेले. महाराष्ट्रातल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पहिल्यापासून जातीला मंडळीत थारा न देण्याची भूमिका घेतली. महाराने उष्टावलेला प्याला ब्राह्मणाने ओठाला लावायचा, यात बाप्तिस्म्याइतकीच मोठी घटना होती. मात्र असा प्याला पुढे करणाऱ्या गोऱ्या हाताला, आपल्या देशातली गॅलरी दिसत होती का, हा प्रश्न उरतोच.

तिथली गॅलरी आणि इथली जात यांचा जोड मराठी माणसाने लवकर ओळखला. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. वंशभेद आणि जातिभेद एका ओळीत मांडायला आपल्याकडे कुणा परदेशी पंडिताची वाट पाहावी लागली नाही.

दक्षिण आफ्रिकेत प्याल्याची गोष्ट नेमकी उलटी घडली. तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सभेने १८५७ मध्ये ठरवलं, की सर्वांनी मिळून प्रभुभोजन घेणं शास्त्राला धरून आहे खरं, पण "काहींच्या दुर्बलतेमुळे" वेगळी उपासना चालू द्यावी. हे काही कोण, ते सांगायला नको. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांची वेगळी मंडळीच काढली गेली. १९४८ नंतर सरकारने अपार्थाइड, म्हणजे वंशावरून माणसं वेगळी ठेवण्याचं धोरण, म्हणून जे कायद्यात आणलं, त्याची तालीम देवघरात आधीच झाली होती.

मिशनच्या आतही एक आडभिंत होती, गोरे साहेब आणि देशी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) यांच्यातली. पैशाच्या किल्ल्या आणि शेवटचा शब्द साहेबाकडे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सलत होतं. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या चौकटीबाहेर 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठीही. त्याआधी १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत हिंदुस्थानातले पाळक व्ही. एस. अझरय्या गोऱ्या सभेला तोंडावर म्हणाले होते, की तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना दिलीत, देह झिजवलेत. आता आम्हाला प्रेम द्या, मित्र द्या. सभेतले बरेच जण नाराज झाले. त्या सभेचे अध्यक्ष जॉन मॉट हे १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथे उठलेल्या विद्यार्थी चळवळीतून आले होते, आणि ती लाट उठवणाऱ्यांत पुढे होता रॉबर्ट वायल्डर, रॉयल वायल्डरांचा मुलगा, १८६३ मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मलेला. या लाटेने हजारो तरुण आशिया-आफ्रिकेत पाठवले. त्यांच्याच शेजारच्या काळ्या वस्तीत मात्र फारसं कुणी गेलं नाही.

तेवढ्यात कोल्हापूरने प्याल्याचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला होता, आणि तो चर्चमध्ये नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले आणि त्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं सरकारी शाळेत बसवली. १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट तर कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं दुकान घालून दिलं, गाडी दारात थांबवून स्वतः चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. महाराजांनी मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला समोर बसवून "मिटवून घ्या" म्हटलं नाही. आधी नोकऱ्या, विहिरी, शाळा. आणि कप त्यांच्याबरोबर. पौलाचा क्रम या राजाने जास्त नीट पाळला असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या ख्रिस्ती माणसांची नजर यानंतर इकडे वळली. १९३५-३६ मध्ये हॉवर्ड थर्मन हे काळे पाळक विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीच्या निमंत्रणावरून हिंदुस्थान आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबोत एका वकिलाने त्यांना अडवलंच: ज्यांनी तुम्हाला गुलाम केलं त्यांचाच धर्म घेऊन इथे काय करताय? फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला ते गांधीजींना भेटले. कोलंबोच्या त्या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी काळ्या-गोऱ्यांची एकत्र मंडळी चालवायला घेतली. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये महिनाभर भारतात होते. केरळात दलित मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख "अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य" अशी करून दिली. किंग पुढे सांगत, की आधी मला धक्का बसला, राग आला. मग वाटलं, खरंच आहे, मी अस्पृश्यच आहे.

प्याला पुन्हा मधोमध आला १९८२ मध्ये, कॅनडातल्या ओटावा शहरी. रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक सभेत दक्षिण आफ्रिकेच्या काळ्या प्रतिनिधींनी गोऱ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. घरी वेगळं जेवायला लावता, तर इथे पाहुण्यांसमोर एका ताटात कशाला? त्या सभेने वंशभेदाचं शास्त्राधारे समर्थन हे पाखंड ठरवलं आणि नकार देणाऱ्यांपैकीच ॲलन बोसाक यांना अध्यक्ष केलं. त्याच वर्षी त्यांच्या मंडळीने बेलहार विश्वासांगीकाराचा, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेच्या जाहीर कबुलीचा, मसुदा केला; १९८६ मध्ये तो स्वीकारला गेला. त्याचे विषय तीन, आणि ते वेगळे काढता येत नाहीत: ऐक्य, समेट, न्याय. पुढे दक्षिण आफ्रिकेत अपार्थाइडच्या काळातल्या अत्याचारांवर आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला. १९९६ पासून सुनावण्या झाल्या. जो अत्याचार करणारा पूर्ण सत्य सांगेल त्याला माफी मिळू शकेल, अशी अट. अनेक पीडितांची तक्रार राहिली, की माफी लगेच मिळाली, भरपाई मात्र रेंगाळली. पारावरच्या समेटाची ती जुनीच ओळखीची तक्रार.

ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाच्या पूर्वजांनी कोल्हापूरचं काम हाती घेतलं होतं, त्याने बेलहारचा मजकूर २०१६ मध्ये आपल्या विश्वासांगीकारांत सामील केला.

इकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर २०२२ मध्ये नेमला गेला. गंमत अशी, की दर्जा मागायचा तर मंडळीत जात उरली आहे हे कबूल करावं लागतं, आणि हे चर्चच्या पायरीवर उभं राहून बोलायला पाळकांना जड जातं. प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो. लग्नाची बोलणी सुरू झाली, की चहा पिता पिता कुणीतरी हळूच विचारतं, "तुमचं मूळ गाव कोणतं म्हणालात?"