समीक्षकांचे श्रेय आणि त्यांची घडण : आरोग्यविषयक नियतकालिकांतील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

आरोग्यविज्ञानाच्या नियतकालिकांसाठी पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्यापूर्वी निबंधाची त्याच विषयातील जाणकारांकडून होणारी तपासणी, करणाऱ्यांना श्रेय कसे द्यावे आणि नव्या समीक्षकांना तयार कोणी करावे, हे दोन प्रश्न आज बहुधा एकाच धोरणात आणि एकाच शीर्षकाखाली मांडले जातात. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या कारणांनी पुढे आले. घडणीचा प्रश्न संपादकांनी गुणवत्तेच्या काळजीपोटी १९९० च्या दशकात हाती घेतला. श्रेयाचा प्रश्न संशोधकांनी आणि ऑनलाइन सेवा पुरवणाऱ्यांनी साधारणपणे २०१२ नंतर लावून धरला.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. एडिनबर्गच्या एका वैद्यकीय मंडळाने १७३१ मध्येच आलेले लेख जाणकार सदस्यांकडे पाठवण्याची आणि त्यांची नावे लेखकाला न कळवण्याची पद्धत नोंदवून ठेवली होती. १८९३ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकाने आपण मजकूर तज्ज्ञांकडून तपासून घेतो असे सांगितले. तरीही बाहेरच्या तज्ज्ञांकडून नियमित तपासणी ही दुसऱ्या महायुद्धानंतरच रुळली, आणि लंडनच्याच दुसऱ्या एका नामांकित साप्ताहिकाने ती १९७६ पर्यंत स्वीकारलेली नव्हती. समीक्षक अनामिक असल्याने या सगळ्या काळात श्रेयाचा विषय निघण्याचे कारणच नव्हते. वर्षअखेरीस आभाराची एक यादी छापली, की संपादकाचे कर्तव्य पूर्ण होत असे.

१९८९ मध्ये शिकागो येथे पीअर रिव्ह्यूवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि वैद्यकीय संपादकांनी औषधांना लावायची कसोटी स्वतःच्या कामाला लावण्यास सुरुवात केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ त्रुटी मुद्दाम पेरलेला निबंध ४२० समीक्षकांना पाठवण्यात आला. उत्तर देणाऱ्या २२१ जणांनी सरासरी दोनच त्रुटी दाखवल्या. या निष्कर्षाने प्रशिक्षणाच्या मागणीला जोर आला. २००४ च्या यादृच्छिक चाचणीत सहाशेहून अधिक समीक्षकांपैकी काहींना एक दिवसाचे वर्ग, काहींना घरी अभ्यासण्याचे साहित्य आणि काहींना काहीच दिले गेले नाही. नऊ मोठ्या चुकांपैकी प्रशिक्षितांनी सुमारे तीन आणि इतरांनी सुमारे दोन पकडल्या. अभिप्रायांच्या दर्जात दिसलेला फरक मात्र किरकोळ होता आणि तो टिकला नाही.

मग ज्येष्ठाच्या हाताखाली नवा समीक्षक ठेवावा, हा विचार स्वाभाविकपणे पुढे आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आपत्कालीन वैद्यकाच्या नियतकालिकाचे ४६ नवे समीक्षक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला ज्येष्ठ समीक्षक जोडून दिले गेले. चार वर्षे चाललेल्या या चाचणीत संपादकांनी दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ च्या एका पद्धतशीर आढाव्यात अशा दहा चाचण्या तपासल्या गेल्या आणि प्रशिक्षणाने दर्जात फरक पडलाच तर तो अल्प असावा, असाच सूर निघाला.

या निष्कर्षांचा आधार घेऊन मार्गदर्शन निरुपयोगी ठरवणे मात्र घाईचे आहे. या चाचण्यांनी मोजले ते मुख्यतः संपादकाने अभिप्रायाला दिलेले गुण आणि सापडलेल्या चुका. पहिले आमंत्रण कोणाला मिळते, कोण ते आत्मविश्वासाने स्वीकारतो आणि लेखकाशी सभ्य भाषेत कसे बोलायचे हे कोण शिकतो, याचे मोजमाप त्यांत फारसे नाही. शिवाय ज्येष्ठ म्हणजे उत्तम शिक्षक, हे गृहीतकच कच्चे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदा वर्षांच्या नोंदींत सुमारे दीड हजार समीक्षकांचे गुण वर्षागणिक थोडेथोडे घसरताना दिसले होते, आणि १९९० च्या दशकातील अभ्यासांतही तुलनेने तरुण समीक्षकांचेच अभिप्राय सरस ठरले होते. ज्याचे स्वतःचे काम सैल पडत चालले आहे त्याच्याकडे शिकाऊ सोपवताना त्याच्याही कामाची तपासणी करावी, हे बहुतेक योजनांच्या आखणीत आलेले नाही.

खरा गुंता आहे तो सहसमीक्षणात. औपचारिक योजना येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम शिकले जात होते ते असे: विभागप्रमुखाकडे निबंध येतो, तो विद्यार्थ्याकडे सरकवला जातो, विद्यार्थी अभिप्राय लिहितो आणि तो प्रमुखाच्या नावाने संपादकाकडे जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः जीवविज्ञानातील सुमारे ५०० जणांच्या सर्वेक्षणात जवळपास निम्म्या नवोदित संशोधकांनी आपण अशा रीतीने निनावी अभिप्राय लिहिल्याचे सांगितले. म्हणजे मार्गदर्शनाची सर्वांत मोठी शाळा चालू होती, फक्त तिच्या हजेरीपटावर विद्यार्थ्यांची नावे नव्हती.

ही प्रथा थांबवावी की मान्य करावी, यावर संपादकांत दीर्घकाळ मतभेद राहिले. गोपनीयतेचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे, की अप्रकाशित निबंध हा लेखकाने विश्वासाने दिलेला ऐवज असून तो तिसऱ्या माणसाला दाखवणे हाच भंग होय. औषधचाचण्यांच्या निबंधांत आर्थिक हितसंबंध गुंतलेले असल्याने ही भीती पोकळ म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की बंदीने प्रथा थांबत नाही, ती केवळ लपते, आणि लपलेल्या माणसाचे हितसंबंध संपादकाला तपासताच येत नाहीत. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी अखेर मधला मार्ग धरला: शिकाऊ वा सहकाऱ्याची मदत घेतली असल्यास त्यांचा सहभाग संपादकाला कळवलेल्या अभिप्रायात नमूद करावा आणि निबंधाची गोपनीयता त्यांनीही पाळावी. काही नियतकालिकांनी अर्जात सहसमीक्षकाच्या नावासाठी स्वतंत्र रकाना दिला. परंतु नाव नोंदवण्याचा अधिकार ज्येष्ठाकडेच राहिला, त्यामुळे श्रेय मिळणे हे विद्यार्थ्याच्या कामापेक्षा प्रमुखाच्या स्वभावावर अवलंबून राहिले. मला ही तडजोड अपुरी वाटते. संपादकाने सुरुवातीलाच दोघांना स्वतंत्र आमंत्रण पाठवले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो; तसे करणारी नियतकालिके आहेत, पण तो सर्वसाधारण नियम झालेला नाही.

श्रेयाची बाजू याच काळात झपाट्याने पुढे गेली. २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या एका संकेतस्थळाने समीक्षणांची पडताळलेली नोंद ठेवण्याची सोय केली. २०१७ मध्ये कोणत्या निबंधाचा संदर्भ कोणी दिला याची माहिती पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने ते विकत घेतले. संशोधकांच्या कायमस्वरूपी ओळखक्रमांकाला समीक्षणे जोडण्याची सोय २०१५ मध्ये आली आणि २०१६ च्या पीअर रिव्ह्यू सप्ताहाचा विषयच समीक्षकांना मान्यता हा होता. अमेरिकेतील डॉक्टरांना पात्र समीक्षणाबद्दल निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे गुण मिळू शकतात. या सगळ्यांत मोजणे सोपे म्हणून संख्या मोजली गेली. किती अभिप्राय लिहिले हे दिसते, पण एखाद्याला अभिप्राय लिहायला शिकवण्यात गेलेला वेळ यांपैकी बहुतेक नोंदींत येत नाही.

मानधनाचा पर्यायही तपासला गेला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता वैद्यकाच्या एका नियतकालिकातील प्रयोगात २५० डॉलर देऊ केल्यावर आमंत्रण स्वीकारण्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेले आणि अभिप्राय साधारण एक दिवस लवकर आले. दर्जा मात्र तेवढाच राहिला. दरम्यान २०२३ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय शिफारशींत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा उल्लेख आला: समीक्षणासाठी ती वापरण्यापूर्वी नियतकालिकाची परवानगी घ्यावी आणि गोपनीयतेची खात्री नसेल तेथे निबंध चढवू नये. विद्यार्थ्याच्या मदतीबाबत अभिप्रायातला उल्लेख पुरेसा मानला गेला होता. यंत्रासाठी मात्र आधी विचारण्याची अट घातली गेली.