जमिनीत काय पुरलंय ते कळण्यासाठी सरकारी पैसा

अमेरिकेतल्या एखाद्या शहराला बंद कारखान्यांच्या जागा तपासण्यासाठी पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, अनुदान मिळाल्याची बातमी अधूनमधून येते. रक्कम बहुधा काही लाख डॉलर. दूषित माती उचलण्यासाठी त्यातला एक डॉलरही नसतो. जमिनीत काय आहे ते शोधायचं आणि पुढच्या सफाईचा आराखडा करायचा, एवढ्यासाठीच हा पैसा. घाण करून ठेवली कारखानदारांनी, मग तपासणीचा खर्च जनतेने का करायचा? या प्रश्नाची मुळं १९८० च्या एका कायद्यात आहेत.

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल इथे हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि मग ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकून टाकली. खाली रसायनं आहेत हे खरेदीखतात लिहिलेलं होतं, आणि पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही हेही. तरीही तिथे शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. पुरलेली रसायनं झिरपून वर येऊ लागली, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. डिसेंबर १९८० मध्ये विषारी जागांच्या सफाईचा 'सुपरफंड' कायदा आला तो यातूनच.

कायदा कडक होता, आणि रागाचं कारण पाहता तसा असणं स्वाभाविकही होतं. जागेचा आजचा मालक, प्रदूषण झालं तेव्हाचा मालक, कचरा तिथे धाडणारा, यांच्यापैकी कोणाकडूनही सफाईचा पूर्ण खर्च वसूल करता येई. हलगर्जीपणा सिद्ध करायची गरज नव्हती. कायदा होण्यापूर्वीची कृत्यंही त्याच्या कक्षेत होती.

याचा उलटा परिणाम शहरांनी भोगला. माती तपासून विष निघालं तर जबाबदारी गळ्यात. तपासलीच नाही तर निदान आज तरी गप्प बसता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! मालक कुलूप लावून बसले, विकासक शहराबाहेरच्या मोकळ्या शेतांकडे वळले, बँका अशा जागा तारण घ्यायला कचरू लागल्या. १९८६ च्या दुरुस्तीने 'निर्दोष खरेदीदारा'ला सवलत दिली, पण खरेदीपूर्वी योग्य ती चौकशी केली असेल तरच. म्हणजे चौकशीला कायद्याने किंमत आली, पण विकली न जाणारी ओसाड जागा तपासायला पुढे कोण येणार?

ईपीएने १९९३ मध्ये पहिलं प्रायोगिक अनुदान ओहायोतल्या कायहोगा काउंटीला दिलं. क्लीव्हलँड शहर याच काउंटीतलं. तिथल्या नदीने १९६९ मध्ये चक्क पेट घेतला होता. पुढे जानेवारी २००२ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने या अनुदानांना स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. अशा जागांना 'ब्राउनफिल्ड' म्हणतात, आणि प्रदूषणाची नुसती शक्यताही जागा त्या व्याख्येत बसायला पुरते. कायद्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच, कारण अडवणूक बऱ्याचदा संशयाचीच असते. ईपीएच्या अंदाजाने देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत.

तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा कागदांचा: जुने नकाशे, परवाने, आसपासच्या माणसांशी बोलणं, जागेवर एक फेरी. एकोणिसाव्या शतकापासून आगविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे इथे फार कामाला येतात. कुठल्या इमारतीत काय चालत होतं, हे त्यांवर नोंदलेलं असतं. संशय पक्का झाला तर दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. शिसं, डांबर, पेट्रोलच्या टाक्यांतून झिरपलेलं बेंझीन, धातू धुण्याची द्रावणं, अशी नेहमीची यादी. खर्च वाढतो तो इथे.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्राउनफिल्डसाठी पाच वर्षांत दीड अब्ज डॉलर ठेवले. जागा खाजगी असेल तर मात्र मालकाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि ती तो नाकारू शकतो. कर थकल्यामुळे शहराच्या ताब्यात येणाऱ्या जागांचीही धास्ती होतीच. अशा मार्गाने जागा मिळालेल्या स्थानिक सरकारांचं संरक्षण २०१८ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट केलं.